समोरचं नाव सोडा, सेटची पाठ बघा : अनोळखी जुना स्टिरिओ ओळखायचा आणि दुरुस्त करायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा : घर रिकामं करताना लाकडी पेटीतला एक जुना स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) सापडला, सोबत त्याच नावाचा रेकॉर्ड प्लेअर. समोरच्या पट्टीवरचं नाव कितीही शोधलं तरी कुठे सापडत नाही. मागची पाटी अर्धी फाटलेली आहे. लावून पाहिला तर उजवा स्पीकर गप्प आणि डाव्यातून नुसती घुंई. सोबत सेटचे आतबाहेरचे फोटो आहेत. हा सेट कुणाचा, किती सालचा, दुरुस्तीच्या लायकीचा आहे का, आणि 'सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाक' हा मित्राचा सल्ला ऐकावा का?

आधी एक काम करा. प्लग काढा आणि हे वाचून होईपर्यंत परत लावू नका. माझ्याकडे आलेल्या जुन्या सेटांपैकी बरेचसे वयामुळे मेलेले नव्हते, 'चालू होतो का बघू' या उत्साहानं मेले होते. कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक प्रकारात ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तोच त्याचा विद्युतरोधक. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर कमजोर होतो आणि कपॅसिटर गळू लागतो. त्यावर एकदम पूर्ण दाब दिला तर कधी फ्यूज जातो, कधी कपॅसिटर फुगतो. कधी मात्र काहीच दिसत नाही, ट्रान्सफॉर्मर तेवढा तापत राहतो. तुमच्या फोटोत मागे १००, ११७, २२०, २४० असे चार आकडे असलेला व्होल्टेज सिलेक्टर दिसतोय, पण तो कशावर आहे ते फोटोत दिसत नाही. तो ११७ वर असताना तुम्ही २३० व्होल्ट दिले असतील तर पुढची चर्चा वेगळीच होईल. पहिल्यांदा ते बघा. सोबत फ्यूजही बघा. त्याच्या टोपीवर कोरलेला आकडा आणि होल्डरशेजारी छापलेला आकडा जुळतो का? जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा फ्यूजला गुंडाळलेला चंदेरी कागद सापडला तर आधीचा मालक याच वाटेनं गेला होता, असं समजा.

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही विचारताय 'हा सेट कुणाचा?', पण तुम्हाला खरं हवंय ते 'याचं सर्किट, म्हणजे आतल्या जोडणीचा नकाशा, कुठे मिळेल?' याचं उत्तर. समोरच्या नावाचा उपयोग पहिल्या प्रश्नालाच कमी, दुसऱ्याला तर जवळजवळ नाहीच. साठ-सत्तरच्या दशकांत मोठी दुकानं आणि पोस्टानं माल विकणाऱ्या कंपन्या दुसऱ्याकडून सेट बनवून घेत आणि वर आपलं नाव लावत. अमेरिकेत रिअलिस्टिक हे रेडिओ शॅकचं नाव होतं, एमसीएस हे जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं. आत काम मात्र बहुतेक वेळा जपानी कारखान्याचं. एकच कंपनी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनीही वावरायची. जपानमधली ट्रिओ अमेरिकेत केनवुड झाली. मात्सुशिताचे सेट नॅशनल, पॅनासॉनिक, टेक्निक्स अशा नावांनी गेले. जेव्हीसी स्वतःच्या देशात व्हिक्टर म्हणून ओळखली जायची. म्हणजे तुमच्या सेटचा एखादा जुळा भाऊ दुसऱ्या नावानं प्रसिद्ध असेल आणि त्याचं सर्व्हिस मॅन्युअल कुणीतरी जपूनही ठेवलं असेल. आपल्याला शोधायचाय तो हा भाऊ.

आणि तो चेहऱ्यावरून सापडत नाही, पाठीवरून सापडतो. दुकानदाराला वेगळेपणा हवा असायचा तो समोर : पट्टी वेगळी, बटणांच्या टोप्या वेगळ्या, डायलचा रंग वेगळा. मागची पत्र्याची चौकट बदलायची तर साचा बदलावा लागतो, आतले बोर्ड हलवावे लागतात, आणि एवढा खर्च कोण करणार! म्हणून मागच्या सॉकेटांचा क्रम, सिलेक्टरची जागा, अर्थच्या स्क्रूची जागा, अँटेनाच्या फेराइट कांडीची बिजागरी हे सगळं भावाभावांत तंतोतंत सारखं राहतं. मी अनोळखी सेट हातात घेतला की नाव टाइप करून शोधतच नाही. ज्या काळाचा वाटतो त्या काळातल्या सेटांच्या पाठीचे फोटो शोधून काढतो आणि एकेक ताडून बघतो. काम कंटाळवाणं आहे, पण फसत नाही.

काळ कसा ठरवायचा? बराचसा बाहेरूनच ठरतो. अमेरिकेत एफएम स्टिरिओचं प्रसारण १ जून १९६१ ला सुरू झालं, म्हणून डायलवर 'एमपीएक्स' किंवा 'मल्टिप्लेक्स' लिहिलेला रिसीव्हर सहसा त्याआधीचा नसतो. डायलवर 'एमसी' म्हणजे मेगासायकल असेल तर सेट बहुधा १९७० च्या आधीचा. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये अधिकृत झालं खरं, पण डायलवर यायला त्याला बरीच वर्षं लागली. तुमच्या डायलवर 'मेगाहर्ट्झ' आहे. मागे '४-चॅनल' लिहिलेला एक जॅकही आहे आणि माझ्या दृष्टीनं तो तुमच्या फोटोंतला सर्वांत बोलका पुरावा. चार स्पीकरांची ती लाट सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आली आणि दशक संपायच्या आत ओसरली. तेव्हा तुमचा सेट साधारण १९७१ ते १९७६ मधला असावा, असा माझा अंदाज आहे.

देशासाठी डायलचा पट्टा बघा. ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असेल तर तो जपानच्या घरगुती बाजारासाठीचा, आणि तो बहुतेक वेळा फक्त १०० व्होल्टचा असतो. साधारण ६६ ते ७४ असेल तर सोव्हिएत संघ किंवा पूर्व युरोप. लाँग वेव्हचा पट्टा दिसला तर युरोप, आणि एफएमच्या जागी 'यूकेडब्ल्यू' असेल तर जर्मन भाषक देश. तुमच्याकडे ८८ ते १०८, गोल पाच पिनांचं डिन सॉकेट आणि १०० पासून २४० पर्यंतचा सिलेक्टर आहे. म्हणजे एकच सेट अनेक देशांत विकायचा, असं ठरवून बनवलेला निर्यातीचा माल. बनवणारा जपानी असण्याची शक्यता खूप.

खात्री आत होते. प्लग काढलेला आहे ना, हे परत एकदा बघून मगच झाकण उघडा. मोठ्या कपॅसिटरांत राहिलेला भार १०० ओहम ते १ किलोओहमच्या, पाच-दहा वॅटच्या रेझिस्टरनं उतरवा आणि मीटरनं शून्य दिसल्यावरच हात घाला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बहाद्दर असतात, त्यांचं अनुकरण नको.

ट्रान्झिस्टरांवर २एसए, २एसबी, २एससी, २एसडी अशी नावं असतील तर ते जपानी पद्धतीचे. ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार असतात : ए आणि बी म्हणजे पीएनपी, सी आणि डी म्हणजे एनपीएन. बऱ्याचदा '२एस' गाळून नुसतं 'सी ९४५' असं छापलेलं असतं. २एन ही अमेरिकी पद्धत. बीसी, बीडी, एसी, एडी ही युरोपीय, आणि तिच्यात पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. बोर्डांचे नंबर तर याहून जास्त बोलतात. ट्रिओ-केनवुडच्या बोर्डांवर 'एक्स' आणि दोन आकड्यांनी सुरू होणारे लांब नंबर असतात, सान्सुईच्या बोर्डांवर 'एफ' नं सुरू होणारे, पायोनियरच्या पुष्कळ बोर्डांवर 'एडब्ल्यू' नं. दुकानदाराची पाटी लावली तरी हे नंबर कोण खोडत बसणार? ट्रान्सफॉर्मरवरचा नंबरही उतरवून घ्या.

तारखा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : सेट त्याच्या आतल्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुना असूच शकत नाही. पण दहा भागांवर एकच साल आणि एकावर पाच वर्षं पुढचं असेल, तर तो एक भाग नंतर बदललेला. म्हणजे सेटचं वय आणि त्याच्या आजारपणाची फाइल दोन्ही एकदम हाती येतात. दुसरी : जपानी तपासनिसांच्या शिक्क्यांवर काही वेळा सम्राटाच्या शोवा कालगणनेतलं साल असतं. ट्रान्सफॉर्मरवर '४८' दिसलं म्हणून १९४८ चा खजिना सापडला असं मानणारे लोक मला भेटलेत. शोवा सालात १९२५ मिळवा, उत्तर १९७३ येतं. अमेरिकी सेट असेल तर पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमसारखे फिरवायचे कंट्रोल) आणि स्पीकरांवर वेगळाच हिशेब असतो : आधी बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक, मग साल आणि आठवडा. १३७७२१८ म्हणजे १३७ ही सीटीएस कंपनी, १९७२ चा अठरावा आठवडा. २२० हा क्रमांक जेन्सनचा.

एका ठिकाणी नवखे हमखास फसतात. बोर्डावर 'यूएल' (सुरक्षिततेची तपासणी करणारी अमेरिकी संस्था) च्या खुणेजवळ ई नं सुरू होणारा नंबर दिसतो. तो शोधला की एक कंपनी सापडते आणि लोक म्हणतात, 'मिळाला बनवणारा!' तो नंबर बहुतेक वेळा कोरा बोर्ड बनवणाऱ्याचा असतो, सेट बनवणाऱ्याचा नव्हे. सेटचा नंबर मागच्या पाटीवर असतो, आणि तुमची पाटी नेमकी तिथेच फाटली आहे. असो.

ताकदीचा अंदाजही आतूनच घ्या, समोर छापलेल्या वॅटांवर जाऊ नका. अमेरिकेत १९७४ मध्ये नियम आला आणि तिथल्या जाहिरातींत सलग मिळणारी खरी वॅट सांगणं बंधनकारक झालं. त्याआधी 'म्युझिक पॉवर' च्या नावाखाली आकडे हवे तसे फुगवले जात. तुमच्या फोटोत ट्रान्सफॉर्मरजवळ एकच थोरला कपॅसिटर आहे आणि थोडं बाजूला दोन मध्यम. यावरून हे सर्किट एकेरी सप्लायचं (आत एकाच बाजूचा, फक्त प्लस दाब असलेलं) वाटतं, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वाटेत एकेक मोठा कपॅसिटर उभा आहे. साठच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला ही रचना सर्रास होती, त्यामुळे सालाशीही जुळतं. सप्लाय ६० व्होल्ट असेल तर स्पीकरला शिखरावर साधारण २७ व्होल्ट मिळतील. २७ चा वर्ग भागिले १६, म्हणजे आठ ओहमवर चॅनलमागे पंचेचाळीस वॅटच्या आसपास. समोर १५० लिहिलं असेल तर हसून सोडून द्या.

आता बिघाड. पेटी उघडण्याआधीच तपासायच्या काही गोष्टी आहेत आणि लाज वाटेल इतक्या वेळा रोग तिथेच असतो. मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' यांना जोडणाऱ्या इंग्रजी यू आकाराच्या धातूच्या काड्या आहेत का? उजवीकडची हरवली असेल तर उजवा चॅनल गप्पच राहणार. 'टेप मॉनिटर' चं बटण दाबलेलं नाही ना? दाबलेलं असेल तर सेट टेपचाच आवाज शोधत बसतो. मोड, बॅलन्स, स्पीकर ए-बी ही बटणं प्लग काढलेला असताना वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवा. वर्षानुवर्षं हललेली नसतात, त्यांच्या कॉन्टॅक्टवर काळा थर धरतो. आवाज लहान असताना चॅनल गायब आणि मोठा केल्यावर धाडकन परत, असं होत असेल तर दोष जवळजवळ नक्की एखाद्या कॉन्टॅक्टचाच असतो, मग तो बटणातला असो की रिलेचा (विजेनं उघड-बंद होणाऱ्या स्विचचा). सफाईसाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टचाच क्लीनर वापरा. बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रे व्हॉल्यूम कंट्रोलात घातला तर चार दिवस बरं वाटतं, मग खरखर दुप्पट.

यानं भागलं नाही तर सिरीज लॅम्प. तारेच्या फिलामेंटचा जुना ६० किंवा १०० वॅटचा बल्ब फेजच्या वाटेत एकसरीत जोडा. एलईडी किंवा सीएफएल इथे चालत नाही. आतापर्यंत प्लग काढलेला ठेवायला सांगितलं, आता पहिल्यांदा लावायचा, तोही स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब स्वतःवर दाब घेतो, त्यामुळे सेटला पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत आणि नुकसान मर्यादेत राहतं. अर्थात त्यामुळेच बल्ब लावलेला असताना घेतलेली मोजमापं अंतिम नसतात. फक्त एक वेगळी धोक्याची सूचना : ट्रान्सफॉर्मरच नसलेले काही स्वस्त व्हॉल्व्हचे रेकॉर्ड प्लेअर असतात. त्यांची चौकट थेट मेन्सच्या तारेला जोडलेली असते. असा सेट उघडून त्याचा शोध स्वतः घेऊ नका. आणि मूळची तार असलेला जुना जर्मन सेट मिळाला तर रंगांवर विश्वास नको, तिथे एके काळी लाल तार अर्थिंगची असायची.

तुमच्याकडे डावीकडे घुंई आहे. व्हॉल्यूम कमी केला तर ती कमी होते का? होत असेल तर ती कंट्रोलच्या आधीच्या भागातून येते आहे : फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा भाग), वायर, वायरीवरचं धातूचं आवरण. होत नसेल तर ती नंतरची आहे, आणि पहिला संशय थोरल्या कपॅसिटरवर घ्यायचा. ५० हर्ट्झच्या विजेवर सुकलेल्या कपॅसिटरची घुंई १०० हर्ट्झची, किंचित कर्कश असते. अर्थिंगच्या घोटाळ्याची ५० ची, जाड आणि गोल. एकदा दोन्ही ऐकल्या की कान विसरत नाही. सप्लाय दोन्ही चॅनलना सामायिक असल्यानं तो आधी नीट करायचा, आणि मग उजव्याकडे वळायचं. हा क्रम मोडू नका. सप्लाय डळमळीत असताना पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं निघतं.

उजव्यासाठी सर्किट डायग्राम नाही, म्हणून हात टेकायची गरज नाही. स्टिरिओ म्हणजे एकाच पेटीत एकसारखी दोन सर्किटं. सप्लाय सुधारला की डावा चॅनल हाच तुमचा डायग्राम. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी बेवारस सेटांचं सर्किट मला कधीच मिळालं नाही, तरी ते वाजतात, ते या एका गोष्टीमुळे. कागदावर दोन रकाने करा. प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून, डाव्या आणि उजव्या बोर्डावरच्या जोडीच्या बिंदूंवर एकेक करून रेझिस्टन्स मोजा. आउटपुट, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करा. दोन टोकांत शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट, शेजारी भाजलेला रेझिस्टर बहुतेक दिसेलच. तसं काही नसेल तर सिरीज लॅम्पवर चालू करून प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्ट दोन्ही रकान्यांत लिहा. एकेरी सप्लायच्या सर्किटात आउटपुटचा मधला बिंदू सप्लायच्या निम्म्यावर हवा : ६० असेल तर ३० च्या आसपास. डावीकडे ३० आणि उजवीकडे ५५ दिसले तर दोष सापडला नाही, पण तो कोणत्या खोलीत आहे ते कळलं. तिथून उलटं मागे या, रकाने पहिल्यांदा जिथे जुळतील त्याच्या पुढच्याच भागात चोर आहे.

प्लस-मायनस दुहेरी सप्लायचा, थेट जोडलेला सेट असता तर मधला बिंदू शून्यावर हवा होता. तिथे ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी समाधानी असतो, शंभराच्या वर गेला तर कारण शोधतो, आणि व्होल्टांत गेला तर स्पीकर जोडतच नाही, कारण अडवायला मधे कपॅसिटर नसतो.

बायसचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरांतून कायम वाहणारा थोडा प्रवाह ठरवणारा, छोटा ट्रिमपॉट मात्र चालू सेटवर फिरवू नका. सुरुवातीच्या काळात मी एका उत्तम वाजणाऱ्या सेटवर तो 'जरासा' फिरवून पाहिला होता. आत मळ साठलेला, सरकती टोकं क्षणभर ट्रॅकवरून उचलली गेली, बायस सुटला आणि दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर डोळ्यादेखत गेले. मालकाला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. आता मी बंद सेटवर त्याची किंमत ओहममध्ये मोजून ठेवतो, तो काढतो, नवा बंद आवरणाचा ट्रिमपॉट आधीच त्याच आकड्यावर आणून लावतो, आणि मग आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर या पायाला जोडलेल्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट बघत हळूहळू जुळवतो. ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलिअँपिअर. योग्य आकडा सर्किटागणिक बदलतो, म्हणून मॅन्युअल नसेल तर मी कमीच ठेवतो आणि अर्ध्या तासानं हीटसिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला) हात लावून बघतो.

आता मित्राचा सल्ला. 'सगळे कपॅसिटर बदला' यात तथ्य आहे, पण त्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. पन्नास वर्षांच्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक बदलणं योग्यच, मीही बदलतो. पण बिघाड सापडल्यानंतर, आणि एकेक बोर्ड करून, प्रत्येक बोर्डानंतर सेट चालवून. एका बैठकीत साठ कपॅसिटर बदलले आणि सेट मुका झाला तर साठातला उलटा कोणता लागला ते कसं शोधणार? शिवाय मूळचा ट्रान्झिस्टर बिघडलेलाच राहतो तो वेगळाच. काढण्याआधी बोर्डाचा फोटो घ्या. छापलेल्या खुणेवर विसंबू नका, जुना कपॅसिटर प्रत्यक्षात कसा बसला होता ते बघा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं. 'बीपी' किंवा 'एनपी' लिहिलेल्याच्या जागी तसाच दोन्ही बाजूंचा घ्या. थोरला कपॅसिटर विसेक टक्क्यांनी मोठा चालतो, दुप्पट करू नका, चालू करतानाचा झटका रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) सोसावा लागतो.

फिल्म, मायका आणि सिरॅमिक कपॅसिटरना हात लावायचं सहसा कारण नसतं. ट्यूनरच्या, म्हणजे रेडिओच्या भागात तर नाहीच. तिथले चौकोनी धातूचे डबे आणि त्यांच्यातल्या रंगीत फेराइटचे स्क्रूसारखे गाभे 'सैल दिसतात' म्हणून पिळणारे हात मी पाहिलेत. ते सैल नसतात, कारखान्यात जुळवून ठेवलेले असतात, आणि परत जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो.

त्याऐवजी दोन गोष्टी मुद्दाम शोधा. एक, मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला डिंक. मूळचा पिवळट असलेला हा डिंक तापून गडद तपकिरी झाला की वीज वाहू देऊ लागतो आणि भागांचे पाय कुरतडतो. खरवडून काढा, खालचे पाय तपासा. दोन, छोट्या ट्रान्झिस्टरांचे काळे पडलेले पाय. त्या काळचे काही जपानी ट्रान्झिस्टर असे काळे पडले की फसफस, चुरचुर असा आवाज करू लागतात आणि लोक महिनोन्‌महिने व्हॉल्यूम कंट्रोल धूत बसतात. ते बदलताना पायांचा क्रम डेटाशीटवर बघा. जपानी २एससी १८१५ चा क्रम एमिटर, कलेक्टर, बेस असतो, २एन ३९०४ चा एमिटर, बेस, कलेक्टर. चेहरा तोच, पाय वेगळे. आउटपुटचे जुने पॉवर ट्रान्झिस्टर मूळ नावानं नवेकोरे मिळाले तर खूश होऊ नका. जे बनणं केव्हाच थांबलंय ते चकचकीत छपाईसह मिळतंय म्हणजे बहुधा दुसऱ्याच भागावर नाव बदलून छापलंय. आज बनत असलेला पर्याय खात्रीच्या वितरकाकडून घ्या आणि जोडी पूर्ण बदला.

रेकॉर्ड प्लेअरचं नावही तेवढंच फसवं असतं. प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) उचलून खाली बघा. बीएसआर किंवा गॅरार्ड अशा कंपन्यांची यंत्रणा असंख्य नावांखाली विकली गेली, आणि नाव बहुतेक वेळा त्या पत्र्यावरच सापडतं. सुई घेताना प्लेअरचं नव्हे, कार्ट्रिजचं, म्हणजे सुई ज्यात बसते त्या भागाचं नाव बघा. मोटर सिंक्रोनस असेल तर तिचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो : ६० हर्ट्झसाठीचा प्लेअर ५० वर ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्याच घेईल आणि गायिका गायक होईल. त्याला व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर उपयोगी नाही, मोटरची पुली बदलावी लागते.

सफाईबद्दल एकच सांगतो, कारण इथलं नुकसान परत भरून येत नाही. डायलच्या काचेवरचे आकडे मागच्या बाजूनं छापलेले असतात. ती बाजू ओल्या कापडानंसुद्धा पुसू नका, आकडे कापडावर येतात. समोरच्या पट्टीला सौम्य साबणाचं पाणी पुरे, तेही आधी कोपऱ्यात लावून बघायचं.

लायकीचा आहे का, हे मी इथून सांगू शकत नाही, दोन गोष्टींवर अवलंबून आहे. ट्रान्सफॉर्मर जळलेला निघाला तर, आणि भाऊ सापडला नाही तर, मी स्वतः तो सेट सुट्या भागांसाठी ठेवला असता. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर एकेरी सप्लायचे हे सेट दुरुस्तीला अत्यंत सरळ असतात. त्यांत हायब्रिड मॉड्यूल (आख्खं ॲम्प्लिफायर असलेला एकच बंद ठोकळा) बहुधा नसतं, म्हणजे न मिळणारा असा भाग फारसा नसतो. नवशिक्यासाठी यापेक्षा बरा सेट मी सुचवणार नाही.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा समोरच्या पट्टीचे नकोत. कॅमेरा सरळ धरून पूर्ण पाठ, सिलेक्टरचा बाण दिसेल असा एक, ट्रान्सफॉर्मरवरचा नंबर, आणि प्रत्येक बोर्डाच्या कडेला छापलेला नंबर. बोर्डाचा नंबर 'एक्स' नं सुरू झाला तर मला आधी तेवढंच कळवा, बाकीचे फोटो मागाहून आले तरी चालतील.